एक ते पाच

प्रश्नावली घेऊन मुलगी आली क्वेइयांगहून,
पांढरे बूट, काखेत टॅब्लेट.
मी म्हटलं, बस त्या खोक्यावर, विचार.
मशीन चालूच राहील, इथे नगावर पैसे मिळतात.

"कामाबद्दल समाधान? एक ते पाच."

बघ, हा तिसरीचा वर्ग होता.
पोरं आईबापांमागे शहरात गेली, शाळा ओस पडली,
मग कारखान्याला आयती जागा मिळाली.
फळा तोच आहे. त्यावर आजचं टार्गेट : तीनशे वीस दप्तरं.
या खिडकीशी रान शूफन बसायची,
नऊच्या पाढ्याला हमखास अडणारी.
ती मीच.

तोंगक्वानला चौदा वर्षं कुलपं जोडली.
तिथे करार होता, विमा होता,
आणि लघवीला जायचं तर गळ्यात घालायची पाटी होती,
चाळीस जणींत एक.
इथे करार नाही. पगार निम्मा, दहाचा वीस तारखेला.
पण सासू न्हाणीत पडली तेव्हा
थ्येनबाईंनी माझ्या हातातलं दप्तर काढून घेतलं,
म्हणाल्या, पळ.
तीन लिही.
नको, थांब. सुई बोटात गेली तर औषध माझ्याच खर्चानं.
दोन.

"अडीअडचणीला हाक मारावी अशी माणसं किती?"

आता मात्र मशीन थांबलं.

आमच्याकडे आहेराची वही असते, लाल पुठ्ठ्याची.
चौदा वर्षं मी फोनवरून आहेर धाडले,
न पाहिलेल्या नवऱ्यांना, न पाहिलेल्या बाळांना,
शेवटचं तोंडही न पाहिलेल्या काकाला.
नाव वहीत होतं, मी गावात नव्हते.

वडील गेले त्या रात्री रस्त्यावर बर्फाचा काच होता.
पेटी डोंगरावर न्यायला सोळा खांदे लागतात.
अकरा आले, त्यांतले चार साठीपुढचे.
आणि छांगफा, त्याच्या मुलाच्या लग्नात माझे दोनशे युआन होते,
पायानं अधू, खांदा कसला देणार,
कंदील धरून पुढे चालला,
निसरडं दिसलं की ओरडायचा.
त्याला धरायचं का यात?

मुलगी म्हणाली, काकू, इथे फक्त आकडा येतो.

बारा, मग.

"शेवटचा. पुन्हा बाहेर कामाला जाल? हो की नाही."

फळ्याकडे पाहिलं. तीन वाजलेले, एकशे चाळीस झालेली.
मुलगा तालुक्याच्या शाळेत असतो, आठवीला.
शनिवारी येतो, भूक घेऊन.
मी चेनचा तुकडा सुईखाली सरकवला.
हा प्रश्न, म्हटलं,
शनिवारी येऊन विचार.