वीस रुपये दंड

तहसील कचेरीच्या रॅम्पचं उद्घाटन
माझ्याच हातून झालं.
कात्री मात्र शिपायाने धरून ठेवली होती,
मला लागू नये म्हणून.
माझे पाय गेलेत हो, हात नाही,
हे सांगेपर्यंत फोटो काढून झाला.

उतार असा, की तीनचाकी चढवायला दोन माणसं लागतात
आणि उतरवायला देव.
तिसऱ्या दिवशी तिथे कुणाची तरी मोटरसायकल उभी होती,
चौथ्या दिवशी दोन.
जिना चढता येत नाही याचा दाखला
वरच्या मजल्यावर मिळतो.

फलकावर आधी अपंग होतं, मग दिव्यांग आलं.
हिलाल पेंटर ओळखीचा. ब्रश पुसत म्हणाला,
ताई, शब्द बदलायचे पैसे मिळाले,
पायरीचं मला कुणी बोललं नाही.
रेशनच्या यादीत मी अजून तीच:
प्रमिला वाणी, कंसात अपंग.

लग्नात मला कूलरजवळ बसवतात.
ताट सगळ्यांच्या आधी, पंगतीत कधीच नाही.
येणारी-जाणारी हनुवटीला हात लावते.
मी बेचाळीस वर्षांची आहे.
बाजारपेठेत माझं फॉल-पिकोचं दुकान आहे,
अर्ध्या पारोळ्याच्या साड्या
माझ्या सुईखालून गेल्यात.

भिशीचा हप्ता मी शेजारच्या पोराच्या हाती पाठवायची.
दर हिवाळ्यात बायका मळ्यात भरीत करायच्या
आणि रात्री माझ्याकडे डबा यायचा,
कढत, वर कांद्याची पात.
बारा वर्षं डबा घासून, चिमूटभर साखर घालून परत केला.
रिकामा कसा द्यायचा?
धुराचा वास तेवढा घरात राहायचा
दोन दिवस.

यंदा कोकिळा बडगुजर दुकानात आली.
माझीच टेप उचलून
तीनचाकीची रुंदी मोजली, या चाकापासून त्या चाकापर्यंत,
तळहातावर बॉलपेनने आकडा लिहिला
आणि म्हणाली, रविवारी, पाचला.
येशील का, असं विचारलं नाही.
बाकीच्यांनाही विचारत नाहीत.

मळ्याचा बांध तेवढाच फोडलेला होता.
ठिबकच्या नळ्या बाजूला,
भुसभुशीत मातीवर खताची रिकामी पोती अंथरलेली.
केळीच्या दोन ओळींमधून
मीच हँडल फिरवत गेले.
पानं तोंडावर फडाफडा आपटत होती.
मागून कुणी ढकललं नाही.

पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती.
"आठे ये वं, बठ,"
आणि बडगी माझ्या पुढ्यात सरकवली.
सोललेली, वाफाळती, हिरवी वांगी, भरलेल्या मिरच्यांसकट.
वीस वर्षं हँडल मारून कमावलेले हात माझे,
असं ठेचलं, असं ठेचलं,
की मिठाचा अंदाजच राहिला नाही.

कोकिळाने बोट चाटलं. तोंड वाकडं.
"काय वं, मीठ शे का खेळ शे?"
सगळ्या खो-खो हसल्या.
मला लाज वाटली,
साधी, स्वयंपाक बिघडल्याची.
माझ्यावर कुणी चिडलं त्याला
किती वर्षं झाली असतील?
आणखी बारा वांगी भाजायला टाकली.
कळण्याच्या भाकऱ्या तोवर ताटकळल्या,
आणि लेकरं रडायला लागली,
माझ्यामुळे.

जेवणानंतर रत्नमालाने वही उघडली.
पाचची वेळ, तू साडेपाचला आलीस.
वीस रुपये दंड.
म्हटलं, अगं, कॅनॉलवरचा चढ किती आहे!
चढाचं पुढच्या वेळी बघू, सगळ्या मिळून.
आधी दंड काढ.
मी भांडले. दहावर तयार होते.
ती ऐकेना.

नोट दिली, आणि वाकून पाहिलं.
उशिरा आलेल्यांच्या यादीत,
छबाबाईच्या खाली, लीला माळीच्या वर,
प्रमिला वाणी, वीस रुपये.
कंसात
काही नाही.