साडेअकरा पाय

निवड यादीत माझं नाव सगळ्यात खाली.
प्रत्येक कॉलेजातून निदान एक, या नियमाने आलेलं:
सिन्नर पॉलिटेक्निकचा राखीव गोलकीपर.
हातमोजे चढवायच्या आधीच
हातात देणगीची पेटी पडली,
बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
झाकणात करवतीने पाडलेली वाकडी फट.

देवळाली कॅम्पातलं मैदान, जानेवारीतली सकाळ.
चुन्याची रेघ कुठे संपते
आणि दव कुठे सुरू होतं, कळत नव्हतं.
पिवळे म्हणजे गोदेच्या अलीकडचे, निळे पलीकडचे.
पण अलीकडे कुणाच्या अलीकडे,
यावर पंचवटीच्या पोरांनी अर्धा तास खाल्ला.

झुबेर पिंजारी आणि यतीन बेंडकुळे,
ऑक्टोबरच्या सेमीफायनलला
एकमेकांच्या नडग्यांवर स्टड उमटवलेले दोघं,
आज एकाच पिवळ्यात.
पहिली वीस मिनिटं झुबेरने सगळ्यांना पास दिला,
एकदा तर पंचालाही.
यतीनला नाही.

किक-ऑफ दाणीकाकांचा.
नोट प्रेसच्या टीमचे जुने फुल बॅक.
उजवा पाय गुडघ्याखाली साखरेने नेला,
मागच्या शिबिरात दुसरा मिळाला.
फोटोवाला म्हणाला, काका, जरा हसा.
काका म्हणाले, बाजूला हो रे, तू लाइनीत येतोयस.
आणि मारला, त्याच पायाने.
बॉल हातभर गेला असेल.
"हा अजून उजवा व्हायचाय," म्हणाले,
आणि कुबडीसाठी हात मागे केला, न बघता,
जसा कोणी पास मागतो.

मी पेटी घेऊन फिरलो.
मिसळवाल्याने तर्रीच्या हाताने दिलेली दहाची नोट,
एका बाईने दोनदा दिले,
पहिल्यांदा पोराच्या हातून, मग पोराला न कळता.
एकाने विचारलं, तू का नाही खेळत?
मी म्हणालो, खेळतोय की.

त्यामुळे गोल मला पूर्ण दिसला नाही.
एवढंच दिसलं, झुबेरने मान वर न करता
बॉल डावीकडे मोकळ्या गवतात सोडला,
जिथे कोणीच नव्हतं,
आणि मग तिथे यतीन होता.
तीन-तीन.
मिठी वगैरे काही नाही.
झुबेर खाली वाकला, यतीनचा घसरलेला मोजा वर ओढला,
ती जुनी खूण झाकली जाईपर्यंत.

मॅचनंतर मांडवात पैसे ओतले.
मोजायला दाणीकाकाच बसले,
चौतीस वर्षं नोटा मोजलेला अंगठा.
चुरगळलेली प्रत्येक नोट ते आधी मांडीवर सरळ करायचे,
खऱ्या मांडीवर.
तर्रीची नोट हुंगून बाजूला ठेवली, सुकायला.
अठ्ठेचाळीस हजार तीनशे.
एका पायाला चार हजार दोनशे.
कोणीतरी मोबाइलवर भागाकार केला
आणि गप्प झाला.
साडेअकरा.

"अर्धा पाय कसा देणार?" यतीन म्हणाला.
कोणी हसलं नाही.
पोरांनी खिसे चाचपले. परतीच्या भाड्यापुरतं होतं सगळ्यांकडे,
तेही काहींनी टाकलं, आणि ओझरची तीन पोरं
निघाली चालत, बूट गळ्यात बांधून.
तरी अर्ध्याचा पूर्ण झाला नाही.
काकांनी झाकण लावलं, पेटी माझ्याकडे सरकवली.
"तुझ्या गावात एस्टी रोज जाते ना?
मग अजून वेळ आहे."

संध्याकाळची सिन्नर गाडी.
कंडक्टरने तिकिटासोबत पाचचं नाणं दिलं,
मला वाटलं सुटे, पण त्याने फटीकडे बोट दाखवलं.
थंडीने मी हातमोजे घातले होते,
दिवसभरात पहिल्यांदा.
मोहदरी घाटात गाडी वळली, पेटी मांडीवरून सुटली,
आणि मी ती पकडली,
दोन्ही हातांनी, छातीशी,
आत नाणी बराच वेळ धावत राहिली.