गोड लागलं तर सांगा

नाकातोंडावर घट्ट मास्क, डोक्यावरून पारदर्शक पिशवी,
तिच्या भोकातून मिस्टर पेटिफोर्ड सॅकरिनचं पाणी फवारतो,
म्हणतो, तोंडानं श्वास घ्या.
गोड लागलं तर सांगा.
गोड लागलं म्हणजे मास्क गळतोय.

आम्ही बाराजण, चर्चच्या तळघरात, घडीच्या खुर्च्यांवर.
बाहेर क्लीव्हलँडचा फेब्रुवारी,
सरोवरावरून सुटलेला वारा कानांचे लचके तोडतोय.
एझेल साठीला टेकलेला. एकोणीस वर्षं पोलाद ओतलं,
मग एका शुक्रवारी गेटला कुलूप.
क्वानेशा बाळाला मावशीकडे टाकून दोन बस बदलून येते.
ओकासिओ तुरुंगातून सुटून अकरा आठवडे झाले,
सहीआधी प्रत्येक कागद दोनदा वाचतो,
हजेरीचा सुद्धा.
आणि मी ओडेसा, एक्केचाळीस,
तेवीस वर्षांनी वहीवर नाव घातलेली.

पैसे वॉशिंग्टनहून आलेत म्हणे, सप्टेंबरपर्यंत पुरतील.
कुणीतरी अर्ज लिहिला असेल छान टाय लावून:
आमच्या गल्ल्या, आमची बेकारी,
आमच्या पोरांच्या रक्तात किती शिसं.
दैना जितकी नेटकी मांडावी तितके गुण जास्त.
मला हसूच आलं.
आईनं जन्मभर जे पडद्याआड ठेवलं
त्याचेच आता तासाला चौदा डॉलर.

तिसऱ्या दिवशी पेटिफोर्ड फळ्याकडे तोंड करून म्हणाला,
जुन्या रंगातलं शिसं चवीला गोड असतं,
म्हणून मुलं पोपडे खातात.
खडू मोडला त्याच्या हातात. तो दुसरा शोधत राहिला.

मी सात वर्षांची होते, जेरमेल दोनचा.
मागच्या खोलीतली खिडकी, हिरवा रंग,
उन्हानं फुगलेला, पापडासारखा.
आई रात्रपाळीहून येऊन झोपलेली, तिला उठवायचं नाही.
तो रडायला लागला की मी नखानं एक पोपडा सोलायची
आणि ठेवायची त्याच्या तळहातावर.
गप्प बसायचा.
शहाणं बाळ, म्हणायची मी.

आज फवारा सुरू झाला आणि मी हात वर केला.
गोड लागतंय.
पट्टे आवळले. पुन्हा.
गोड लागतंय.
दुसरा मास्क, लहान मापाचा.
गोड.
पेटिफोर्डनं पिशवी काढली, माझ्याकडे पाहिलं,
हनुवटीखाली बोट फिरवलं, कुठंही फट नव्हती.
"मिस प्रुइट," तो म्हणाला, "पाणी प्या. एझेलचा नंबर घेऊ आधी."
बाकी काही विचारलं नाही त्यानं.
त्यालाही कुणी भाऊ असेल. किंवा तो स्वतःच.

पाचव्यांदा मी मान हलवली: नाही.
त्यानं पास लिहिलं.

एप्रिलमध्ये पहिलं घर. दोन मजली, लाकडी,
आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे, पण खिडकी तशीच.
यंत्र चौकटीला लावलं, आकडा आला,
मी तो खाली लिहिला स्वच्छ अक्षरात.
पलीकडच्या दारात एक मूल उभं होतं, बोट तोंडात.
कुणाचं ते विचारलं नाही.
आधी प्लॅस्टिक अंथरलं.

आमच्या कामामुळे किती घरं सुटतील कोण जाणे.
ओकासिओनं हिशेब केला: या वेगानं दोनशे वर्षं.
एझेल म्हणाला, मग जेवणाची सुट्टी लहान करू या.

संध्याकाळी जेरमेल बसथांब्यावर येतो.
छत्तीस वर्षांचा दांडगा माणूस, बसचे नंबर
अजून तळहातावर लिहून आणतो.
माझी पिशवी घेतो, जड नसली तरी.
आज काय शिकलीस, विचारतो, रोज तेच.
मी सांगते: आधी ओलं करायचं, मग खरवडायचं,
कोरडं खरवडलं तर धूळ उडते.
तो घरापर्यंत घोकत जातो:
आधी ओलं. मग खरवडायचं.
आधी ओलं.
कोपऱ्यावर थांबून विचारतो, मग काय म्हणालीस?
मी त्याचा तळहात हातात घेते, त्यावर पेनानं लिहिते.