बारावा रविवार

पुकारा झाला. तुकेश धकाते. मग माझा:
जामीनदार शालिक निनावे, हजर?
हजर, मी म्हणालो. आडनाव निनावे असलं
तरी कागदाला माझं नाव बरोबर सापडतं.

कोर्टातला कूलर नुसतीच गरम हवा फेकत होता.
खस कोरडी. पंपात काहीतरी अडकलं असणार.
आवाजावरून कळतं मला. एकतीस उन्हाळे हेच केलं,
पत्रा कापणं, जाळी ठोकणं, पॅड भरणं,
गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत.
चौकाच्या नावाकडे आम्ही कधी लक्ष दिलं नव्हतं.
तुकेश माझ्याकडेच शिकला. हात चांगला होता त्याचा.

मॅडम सावकाश वाचत होत्या:
देशी बनावटीचा एक कट्टा,
मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या,
दोन जिवंत काडतुसे,
दुकानामागे पडलेल्या जुन्या कूलरच्या खसमध्ये
पॉलिथिनात गुंडाळून.
ते पॅड मी भरलेलं नव्हतं.

जिवंत. पंचनाम्यातही हाच शब्द होता.
दीड वर्ष मालखान्यात, लाखेच्या सीलखाली,
आणि अजून जिवंत.
माझी बहीण तिसऱ्या तारखेनंतर गेली.
तिची नोंद कुठे नाही.

जामिनाच्या अटी मला पाठ होत्या.
दर रविवारी दहा ते बारा ठाण्यात हजेरी,
साक्षीदारांशी बोलायचं नाही, जिल्हा सोडायचा नाही.
अकरा रविवार मी त्याला स्कूटरवर नेलं.
तो आत सही करी, मी बाहेर चिंचेखाली.
येताना तर्री-पोहे.
तर्री पुन्हा मागायचा, नाकातून पाणी येईपर्यंत,
आणि हसायचा. तेवढंच हसायचा.

बाराव्या रविवारी एप्रिल लागला होता.
मानेवाड्याच्या लॉनवर लग्न, चौदा कूलर पोचवायचे.
मी म्हटलं, आज तू एकटाच जाय बापू.
तो म्हणाला, हो ना मामा.
किल्ली मीच दिली.

स्कूटर गणेशपेठच्या बसस्टँडवर सापडली,
हेल्मेट हँडलला नीट अडकवलेलं.
तो सापडला सात महिन्यांनी,
शिवनीपुढच्या एका ढाब्यावर कढया घासताना.
कोणाच्या भीतीनं गेला, कट्टा कोणाचा होता,
वकिलाला सांगितलं नाही, मला नाही.
कदाचित सांगण्यासारखं काही नसेलही.
हे मला रात्री जास्त छळतं.

शिक्षेबाबत काही म्हणायचं आहे?
मी बाकाच्या कडेला सरकलो.
वाटलं, आता म्हणेल. आई नाही, म्हणेल.
मामाचे पन्नास हजार माझ्यापायी जप्त झाले, म्हणेल.
चुकलं, एवढं तरी.

आतले दिवस धरान का जी?

किती दिवस?
दोनशे तीन, तो म्हणाला. वकील अजून
कागद उलटत होता.

तीन वर्षे सक्तमजुरी. दंड पाच हजार.
जामिनावर असून गैरहजर राहिल्याचे सहा महिने.
दोन्ही शिक्षा एकत्र भोगायच्या, आतले दिवस वजा.
स्टेनो मुलीनं एक आकडा खोडून पुन्हा टाइप केला
आणि ओढणीनं मान पुसली.
त्यानं अंगठ्यानं बोटांची पेरं मोजली,
तिथेच, उभ्या-उभ्या.
माझ्याकडे पाहिलं नाही.
किंवा पाहिलं असेल, मी तेव्हा खाली पाहत होतो.

जेवणाच्या सुट्टीत शिपाई जवळ आला.
काका, फाइलीत वाचलं, तुमी कूलरवाले ना?
जरा पाहून देता काय?

मी मागचं पॅड काढलं.
आता सवयच झाली आहे, पाणी सोडण्याआधी
खसमध्ये हात घालतो, मनगटापर्यंत,
कोपऱ्यांत, तळाशी, चाचपत जातो.
काही नव्हतं.
पंपात केसांचा गुंता होता. तो काढला.
गार हवा सुरू झाली तेव्हा
गाडी त्याला घेऊन गेली होती.