हरिपूरचं पेव

टेप लावला तर तोंड अडीच फूट.
आत मात्र रांजणासारखं फुगलेलं, वीस फूट खोल,
कडेला अजून पिवळी धूळ.
विभावरीबाईंनी वहीत आकडा लिहिला, खोडला,
मग मला विचारलं, ‘इथे किती माणसं मावतील?’

मी सांगलीच्या यार्डात अडतीवरचा कारकून.
पोती मोजतो.
म्हटलं, दावलभाईंना येऊ द्या.

बाई पुण्याहून आलेल्या. गाडीत काचेच्या नळ्या,
नळ्यांत शाळू, नाचणी, कसल्याशा शेंगांचं बी,
आणि एक यादी: उल्का. साथ. अणूची लढाई.
चौथ्या ओळीवर नुसतं प्रश्नचिन्ह.
‘वर्षाला हजारात एक,’ त्या म्हणाल्या,
‘पण वर्षं एकामागून एक येतच राहतात ना.’
मला हसू आलं नाही.
पाच साली नदी न विचारता या पेवांत शिरली,
संगमापर्यंत हळदीचा कुजका वास,
आणि आमचे शेटजी गुडघाभर पाण्यात उभे राहून
सांगत होते, असं कधी होत नसतं.

आमचं गाव उद्याचा भाव आज करणारं.
चैत्रातली हळद आश्विनात विकून
लोक चहा प्यायला मोकळे.
त्याला वायदा म्हणतात.
पण शेवटच्या दिवसाचा भाव
फळ्यावर खडूनं लिहिलेला
मी काही बघितला नाही.
सौदा तुटला तर भांडायला कुणाशी जायचं?

दावलभाई आले. सत्तरीचे, गुडघ्याला फडकं.
कंदील लावला, दोरीनं खाली सोडला.
‘थांबा.’
थांबलो. बाभळीखाली एक कुत्रं कान खाजवत होतं.
कंदील निम्म्यात गेला, ज्योत बारीक झाली,
आणखी बारीक,
गेली.
‘आज न्हाई. तोंड उघडं राहू द्या रातभर.’

बाईंनी विचारलं, हळद किती वर्षं टिकते?
‘अब्बांनी भरलेलं एक पेव
मी उघडलं थोरलीच्या लग्नाला.
सोळा वर्षं. एक किडा न्हाई.
आत वारंच नसतं, किडा जगंल कशावर?’
‘आणि माणूस?’
दावलभाई दोरी कोपरावर गुंडाळत राहिले.
‘त्येच की. हळद टिकती ते ज्यानं,
माणूस मरतो त्यानंच.’
मग जरा वेळानं, जणू वेगळ्याच कुणाला,
‘आन् पेव आतनं उघडत न्हाई.
पाला, दगड, माती, समदं वरनं.
झाकायलाबी वर माणूस लागतो,
काढायलाबी.’

बाईंची पेन्सिल वहीवर टेकलेली, हलत नव्हती.
‘मग तयारी करूच नये म्हणता?’
‘मी कवा म्हटलं?’ दावलभाई एकदम तापले.
‘भरा की! बी भरा. चांगलं वाळवून भरा.
आन् कुठं भरलंय ते चार जणांस्नी सांगा,
त्यातला एक तरी लहान असू द्या.
अब्बांनी मला सांगितलं नसतं
तर जलमभर त्याच्यावरनं सायकल नेली असती मी.’

रात्री खतावणी उघडली. जमा, नावे, येणे.
एका कोऱ्या पानावर येणे लिहिलं
आणि पुढं नाव सुचेना.
जो माझ्या ओळखीचा नाही,
ज्याची भाषाही कदाचित ही नसेल,
त्याच्या खात्याला काय म्हणायचं?
बायको म्हणाली, झोपा आता, लाइट बिल येतंय.

सकाळी कंदील तळाला टेकला, जळत राहिला.
दावलभाईंनी कमरेला गाठ मारली,
दुसरं टोक माझ्या हातात दिलं.
‘धरा.’
ते उतरत गेले. टोपी दिसेनाशी झाली.
मग खालून नुसता आवाज, घागरीतून यावा तसा,
‘पाला बदलाय लागतोय!’
बाई एकेक नळी फडक्यात गुंडाळत होत्या,
शेजारच्या शिरढोण्यांचा सहा वर्षांचा पायगोंडा
त्यांच्या हातातलं बी ओळखू पाहत होता
आणि साफ चुकत होता.
दोरी तळव्याला काचत होती.
मला नाकावर खाज सुटली, भयंकर,
आणि हात मोकळा नव्हता.