काहून

अजनीच्या शेडमध्ये चौतीस वर्षं
इंजिनांचे ब्लोअर ऐकले.
कान तिथंच ठेवून रिटायर झालो.
पेन्शन सुरू झाली, कान नाही झाले.
एक मशीन लावून पाहिलं कानात,
त्यात भांडी तेवढी मोठ्यानं पडायची.

मग दिवाळीत पुतण्या आला, प्रज्योत,
मोबाइलमध्ये काहीतरी टाकून गेला.
आता समोरचा बोलतो
आणि पडद्यावर अक्षरं येतात
गुळावर मुंग्या याव्यात तशी.
भाजीवाला: सांबार दहाला जुडी.
बँकेतली पोरगी: काका, इथं सही.
गल्लीत कुत्रा भुंकला तर तेही लिहितं,
कुत्रा.
हसलो मी. बारा वर्षांनी भेटला बेटा.

एकदा फोन ओट्यावरच राहिला.
दुपारी उचलला तर पडदाभर विमल.
पाठमोरी, पोळ्या लाटताना बोललेली:
वांगे किडके निघाले जी.
गुडघा दुखून राहिला आज.
शोभाची पोरगी पास झाली, सांगीन संध्याकाळी.
सांगून तरी काय होते म्हणा.

म्हणजे ही थांबलीच नव्हती.
मला वाटायचं, घर शांत झालंय.

जाऊन विचारलं, कोणता गुडघा?
तिनं लाटणं खाली ठेवलं.
दोन दिवस ओटाही गप्प.

तिसऱ्या दिवशी फोनसमोर बसली,
बातम्या देतात तशी ताठ,
एकेक शब्द धुऊन, वाळवून:
आपण. चहा. घेणार. का.
कारण ती 'काहून जी' म्हणायची
अन् फोन लिहायचा, कानून जी.

म्हटलं, तू आपलं काहूनच म्हण.
चुकू दे त्याला.
त्यानं अक्षरं आणायची फक्त,
आवाज आहे माझ्याकडे.
अठ्ठ्याहत्तर सालचा, हिंगण्याच्या मांडवात
नाव घेताना अडखळलेला,
जरा बसका, शेवटाला वर जाणारा.

ती काही बोलली नाही.
उठून ओट्याकडे गेली, कणीक ओढली.
पाठ माझ्याकडे.
फोन मधल्या टेबलावर.

कानून जी,
इतके वर्षं नाही इचारलं?

मी तसाच बसलो, चष्मा पुसत.
खाली आणखी एक शब्द आला,
उशिरानं:

डावा.