पाठीतलं पाणी

ऑपरेशन कंबरेचं होतं.
एल-चार, एल-पाच. रोजचंच, डॉक्टर म्हणाले,
महिन्याला पंधरा करतो.
पाचव्या दिवशी घरी, सहा आठवड्यांनी मागावर.
सहा आठवडे म्हणजे माझ्या छत्तीस हजार बिड्या.
मी हो म्हटलं.

राजेशम येमूल, वय त्रेपन्न,
चार माग एकटा सांभाळणारा माणूस,
पालथा आत गेला, उताणा बाहेर आला.

त्या रात्री कॉटखाली बाटली होती,
दाबून चपटी केलेली, हळूहळू फुगणारी.
आत रक्त. पण रक्त असं पातळ?
शेख सिस्टर म्हणाली, येतं मावशी थोडं.
आमच्या विडी घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो,
आम्ही हंड्याला हंडा लावून बसतो,
थेंब सोडत नाही.
आणि त्याच्या पाठीतून रात्रभर पाणी चाललं होतं,
मी कडेला बसून समजत होते,
भरतेय म्हणजे चांगलंच असेल.

पहाटे तो म्हणाला, डोकं.
मग म्हणाला, नीळ्ळु.
पाण्याचा घरचा शब्द, आईच्या तोंडचा,
पण जिभेवर असा लोळला
की मला वाटलं, भूल उतरायची आहे अजून.
मग उलटी. मग डोळे,
धोट्यासारखे, इकडून तिकडे, तिकडून इकडे,
आणि मधे कापड काही विणलं जात नव्हतं.

फिल्म उजेडावर लावली.
हा मोठा मेंदू, याला काही नाही.
हा मागचा, लहान.
त्यात पांढरा पट्टा, काळा पट्टा, पांढरा पट्टा.
मी विणकराची बायको,
पट्टे दिसले की आधी किनार शोधते.
इथे किनार नव्हती.
फार क्वचित होतं असं, डॉक्टर म्हणाले
आणि पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

साहेब, कापलं कंबरेत.
रक्त डोक्यात कसं?

आतलं बारीक आवरण फाटलं होतं, दिसलं नाही.
पाणी गेलं. पाण्यावर तरंगणारा मेंदू खाली बसला.
वरच्या शिरा ताणल्या. तुटल्या.
माझा दीर दाराशी उभा होता, तो मधेच म्हणाला,
बीम इकडं जास्त ओढला
की तार तिकडं तुटते.
डॉक्टर थांबले. हो, म्हणाले. तसंच.
मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या.
कळल्यावर त्या कुठे ठेवायच्या तेच कळेना.

वाचला. डोकं उघडावं लागलं नाही.
एकविसाव्या दिवशी रिक्षातून घरी आला,
उतरताना सगळी गल्ली त्याला उजवीकडे कलंडलेली दिसत होती.

म्हमाणे मॅडम येतात, म्हणतात, बोट नाकाला लावा.
बोट गालाला जातं, कानाला जातं,
एकदा तर मॅडमच्या चष्म्याला.
तो हसला. त्या पण हसल्या.
मी आत जाऊन भाकरी उलटली, जी उलटायची नव्हती.
हीच बोटं तुटलेली तार डोळे मिटून गाठायची,
गाठ अशी की शेठला नखानं सापडायची नाही.

कंबर?
कंबर छान आहे. पायातली कळ गेली.
ज्यासाठी गेलो होतो, ते काम चोख झालं.

आता दुपारी तो माझ्या सुपाजवळ बसतो.
पान मी कापते, जर्दा मी भरते, वळते मी.
दोरा त्याच्याकडे.
एका बिडीला पंखा चार वेळा किरकिरून जातो.
कधी दोरा बिडीला बसतो, कधी स्वतःच्या अंगठ्याला,
मग तो अंगठा पुढे करतो आणि म्हणतो,
घे, ही पण मोज.
जीभ जड आहे, पण विनोद कळतो.

काल कारखान्यात चेकरनं अकरा बिड्या छाट काढल्या.
रोज तीन-चार निघतात.
त्यातल्या त्याच्या किती, माझ्या किती,
मी बघितलं नाही.
अकराही पिशवीत परत टाकल्या
आणि अशोक चौकापर्यंत चालत आले,
पिशवी सरळ धरून,
सांडेल असं काही तिच्यात नव्हतं तरी.